सव्वीस प्रश्न आणि एक ताट

सदाशिव पेठेतील एका मेसमध्ये रात्रीचे साडेआठ वाजले आहेत. ताटात दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, आमटी आणि भात वाढलेला आहे, आणि समोर बसलेली विद्यार्थिनी पोळीचा नखाएवढा तुकडा मोडून तो बराच वेळ आमटीत फिरवत आहे. तिला भूक नाही, ती मुळातच सावकाश जेवते, की त्या पोळीचे उष्मांक मनात मोजते आहे, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी तिलाच विचारावे लागते, आणि नेमके काय विचारावे, इथेच घोडे अडते.

खाण्याच्या विचारांनी पछाडलेले मन मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली म्हणजे ‘ईट-२६’ (ईटिंग ॲटिट्यूड्स टेस्ट). कॅनडात काम करणारे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड गार्नर यांनी सहकाऱ्यांसह १९७९ साली ४० प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि १९८२ मध्ये ती २६ प्रश्नांवर आणली. ‘नेहमी’ या उत्तराला ३ गुण, त्याखालच्या दोन उत्तरांना २ आणि १, उरलेल्या तिन्हींना शून्य; फक्त एका प्रश्नाचे गुण उलटे धरतात. बेरीज २० किंवा अधिक झाली, तर त्या व्यक्तीने तज्ज्ञांना भेटावे, इतकाच त्याचा अर्थ असतो. खाण्याच्या विकाराचे निदान प्रत्यक्ष मुलाखतीनंतरच होते.

ही प्रश्नावली मराठीत आणताना शब्दकोशापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडावे. अन्नाचे बारीक तुकडे करून खाता का, हा प्रश्न काट्याचमच्याने जेवणाऱ्यांकडून काही वेगळे काढून घेत असेल. पोळी मात्र मोडल्याशिवाय खाताच येत नाही. भूक लागूनही खाणे टाळता का, या प्रश्नाला संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाची वाट पाहणारी मुलगी प्रामाणिकपणे काय उत्तर देईल? आणि तुम्ही अधिक खावे यासाठी इतर जण दबाव आणतात का, असे विचारले, तर ज्या घरात आग्रहाशिवाय पंगत उठत नाही, तिथल्या कोणाचे उत्तर ‘कधीच नाही’ असेल? हे तिन्ही प्रश्न खाण्यावरील नियंत्रणाविषयीच्या सात प्रश्नांच्या गटातले आहेत. सातांनाही ‘नेहमी’ असे उत्तर दिल्यास २१ गुण होतात, म्हणजे एवढ्यानेच सीमारेषा ओलांडली जाते. तसे क्वचितच घडेल, पण रीतीभातींचे पाच-सहा गुण बेरजेत शिरले, तरी आकडा फसवा ठरतो.

याच्या उलट बाजूची काळजी आम्हाला अधिक वाटते. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून साबुदाण्याच्या खिचडीची थट्टा होते, पण जिला खायचेच नाही, तिला उपवासासारखा दुसरा आडोसा नाही. सोमवारमागोमाग गुरुवार, मग शनिवार धरला, तरी कोणी हटकत नाही; उलट कौतुकच होते. म्हणून ‘उपवासाचे दिवस वगळून’ हे शब्द प्रश्नात घातले, तरी मुलाखतीत हे उपवास केव्हापासून आणि कशासाठी सुरू झाले, हेही विचारायला हवे.

आणखी एक पेच राहतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुणांना अनेक महिने अपुऱ्या आहारावर ठेवले, तेव्हा त्यांच्या डोक्यात खाण्याखेरीज दुसरा विषय उरला नाही; काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात राहणारा आणि पैसे वाचवण्यासाठी एकाच वेळचा डबा लावणारा मुलगाही ‘सतत खाण्याचेच विचार येतात’ या वाक्यापुढे ‘नेहमी’वर खूण करील. त्याला आधी दुसऱ्या वेळचा डबा हवा आहे.

मेसमधील ती विद्यार्थिनी आता उठली आहे. अर्धी पोळी तिने उपड्या वाटीखाली सरकवली आहे. सव्वीस प्रश्नांत त्या वाटीविषयी एकही प्रश्न नाही.