झाकणाखालचा काळोख

[दृश्य: परळ, पहाट. रस्त्यात उघडं मॅनहोल. काठावर दोरी धरून उभा असलेला माणूस.]

झाकण सरकवलं की आधी वास येतो, सडक्या अंड्यांचा. हा हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू. तो वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणजे हवा निवळली असं वाटतं, आणि माणूस तिथंच फसतो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013च्या कायद्यानं बंदी आहे. तरी या शहरात माणसं उतरली, गुदमरली, गेली.

आधी यंत्र उतरवायला काय हरकत आहे?

केरळच्या तरुण इंजिनिअरांनी 2018मध्ये मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव 'बँडिकूट' आणला. बँडिकूट म्हणजे आपली घूस, नाव अगदी चपखल. पण त्याला वरून माणूस चालवतो आणि तो मॅनहोलपुरतं काम करतो. दोन झाकणांमधल्या अंधारात स्वतःच्या अकलेनं जाणारं यंत्र ही पुढची पायरी.

[दृश्य: बोगद्यात फिरणारा लेझर, पडद्यावर उमटणारे ठिपके.]

खाली जीपीएस पोचत नाही. यंत्र लेझरनं भिंतींची अंतरं मोजतं, नकाशा काढतं आणि त्याच नकाशात स्वतःला शोधतं. बोगदा सरळ, एकसारखा असला की घोळ होतो. मेट्रो-3च्या बोगद्यातली काँक्रीटची कडी आठवा, एकीसारखी दुसरी. किती पुढे आलो, हे कशावरून ओळखायचं?

सप्टेंबर 2021मध्ये अमेरिकेत लुईव्हिलच्या जुन्या चुनखडीच्या खाणीत 'डार्पा'च्या, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेच्या, जमिनीखाली फिरणाऱ्या यंत्रांच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. प्रत्येक संघात यंत्रांना सूचना देणारा माणूस एकच. यंत्रांनी हरवलेल्या वस्तू शोधायच्या, आणि माणसासारखी ऊब असलेले पुतळेही. वळणापलीकडे रेडिओचा संदेश पोचेना, म्हणून ती वाटेत छोटे रेडिओ टाकत गेली. संपर्क तुटला तरी पुढे जायचं, पाहायचं, आणि परत टप्प्यात येऊन सांगायचं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. 'सर्बेरस' नावाचा संघ आणि ऑस्ट्रेलियाचा संघ, दोघांचे गुण 23. वेळेच्या निकषावर 'सर्बेरस' जिंकला.

[दृश्य: पुन्हा परळ.]

आपलं गटार त्या खाणीहून अवघड आहे. गाळ, प्लास्टिक, गढूळ पाणी. अशा पाण्यात लेझर आंधळा होतो, तिथं आवाजाच्या लहरींनी तळ चाचपावा लागतो. पण वायू कुठे साचलाय, गाळ किती चढलाय, वीट कुठे निखळलीय, एवढं जरी यंत्रानं आणून दिलं तरी गाडी कुठे लावायची, कुठे खणायचं, हे वरूनच ठरेल. आणि या झाकणापाशी कुणाला दोरी धरून उभं राहावं लागणार नाही.