कलवरीच्या बॅटरीची नोंदवही

(पुण्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी जिन्याखाली नाहीतर गॅलरीत इन्व्हर्टरची बॅटरी असेल. दर दोन-तीन महिन्यांनी तिची झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टर्मिनलवर साचलेली पांढरी भुकटी पुसायची, आणि चार-पाच वर्षांनी ती जुनी देऊन नवी आणायची. आयएनएस कलवरी या पाणबुडीच्या पोटात याच जातीची बॅटरी आहे. तशाच शिशाच्या पट्ट्या, तेच गंधकाम्ल, सेलमागे तेच दोन व्होल्ट. फरक आकारमानाचा आहे. कलवरीचा एक सेल ७५० किलोचा, आणि असे ३६० सेल. गुणाकार केला तर २७० टन होतात. घरची बॅटरी साठ किलोची धरली, तर साडेचार हजार बॅटऱ्या झाल्या. पृष्ठभागावर असताना कलवरीचं सगळं वजन दीड हजार टनांच्या थोडं वर आहे, म्हणजे साधारण सहावा हिस्सा नुसती बॅटरी.

कुठल्याही पाणबुडीचा सेवा-इतिहास छापला जातो तो तारखांचा. बांधणी कधी सुरू झाली, पाण्यात कधी उतरली, नौदलात कधी दाखल झाली, क्षेपणास्त्र कधी सोडलं. त्या तारखा हव्यातच, पण डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीचं खरं आयुष्य बॅटरीच्या नोंदवहीत असतं. कुठल्या सेलमधल्या आम्लाची घनता किती, तापमान किती, किती वेळा चार्ज झाला, कुठला सेल कधी बाद केला. आज मला कलवरीकडे त्या बाजूने पाहायचं आहे.

तारखा आधी सांगून टाकतो. ऑक्टोबर २००५ मध्ये स्कॉर्पीन वर्गाच्या सहा पाणबुड्यांचा करार झाला. आराखडा फ्रान्सचा, बांधणी मुंबईत माझगाव डॉकमध्ये. पहिली पाणबुडी, म्हणजे कलवरी, २०१२ च्या अखेरीस मिळायची होती. ती पाण्यात उतरली ऑक्टोबर २०१५ मध्ये आणि समुद्रात पहिल्यांदा गेली १ मे २०१६ रोजी. २ मार्च २०१७ ला तिने पाण्याखालून एक्झोसेट हे जहाजविरोधी क्षेपणास्त्र डागलं आणि १४ डिसेंबर २०१७ ला मुंबईच्या नौदल गोदीत ती नौदलात दाखल झाली. मागून खांदेरी २०१९ मध्ये, करंज आणि वेला २०२१ मध्ये, वागीर २०२३ मध्ये आणि वागशीर जानेवारी २०२५ मध्ये. कलवरी हे नाव जुनं आहे. ८ डिसेंबर १९६७ ला रीगा बंदरात दाखल झालेली आपली पहिली पाणबुडी कलवरीच होती आणि ती ३१ मे १९९६ ला निवृत्त झाली. ८ डिसेंबर आपण पाणबुडी दिन म्हणून पाळतो तो त्यामुळे. खांदेरीचं नाव इथे कुणाला समजावून सांगायला नको. १६७९ मध्ये महाराजांनी इंग्रजांच्या डोळ्यांदेखत जे बेट बांधून काढलं, तेच ते.

आता पाण्याखाली जाऊ. पाण्याखाली डिझेल इंजिन चालत नाही, कारण त्याला हवा लागते. सगळं बॅटरीवर चालतं. पाण्याचा विरोध असा असतो की वेग दुप्पट केला की लागणारी शक्ती आठपट होते. चार नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आठवर गेलात की आठपट. चारवरून वीसवर गेलात, आणि वीसच्या आसपास ही पाणबुडी पाण्याखाली जाऊ शकते, तर पाचाचा घन, म्हणजे सव्वाशेपट. वर शिसे-आम्ल बॅटरीचा स्वभाव असा की तिच्यातून वीज घाईने उपसली तर एकूणच कमी मिळते. वीस तासांत सावकाश काढली तर जेवढी निघेल, ती तासाभरात ओरबाडली तर जवळपास निम्म्यावर येते. म्हणून हल्ला केल्यावर निसटून जाण्यासाठी पूर्ण वेगाने पळणं पाणबुडीला तासभरच परवडतं. त्यानंतर तिच्याकडे लपण्यापुरतीही वीज उरत नाही. कॅप्टनच्या डोक्यात हा हिशेब सतत चालू असतो.

उलट टोकालाही एक मर्यादा आहे, आणि ती फारशी बोलली जात नाही. वेग अगदी कमी केला तरी खर्च शून्यावर येत नाही. सोनार म्हणजे आवाजावरून वेध घेणारी यंत्रणा, संगणक, शीतगृह, कार्बन डायऑक्साइड शोषणारी यंत्रणा, वातानुकूलन हे चालूच राहतं. तीन-चार नॉटच्या खाली पाणबुडी ढकलणाऱ्या पंख्याला लागणाऱ्या विजेपेक्षा हा घरखर्च मोठा होतो. अरबी समुद्राचं वरचं पाणी वर्षातले बरेच महिने २८ ते ३० अंशांवर असतं. त्यात बंद लोखंडी नळीत चाळीसेक माणसं आणि तापलेली इलेक्ट्रॉनिक्सची कपाटं. युरोपातल्या थंड समुद्रात जे वातानुकूलन थोड्या विजेवर भागतं, ते इथे बॅटरी खातं. परदेशी माहितीपत्रकातला पाण्याखालच्या मुक्कामाचा आकडा आपल्या समुद्रात जसाच्या तसा धरू नये, असं मी म्हणतो ते यासाठी.

वीज संपत आली की चार्ज करायला वर यावं लागतं, पण पूर्ण वर नाही. पेरिस्कोपच्या खोलीवर राहून स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढायची आणि तिच्यातून हवा ओढत डिझेल चालवायचं. क्रम ठरलेला असतो. आधी खालूनच सोनारने सगळीकडे कानोसा घ्यायचा. आपल्या शेपटीमागे ऐकू येत नाही, म्हणून वळून तिकडचंही ऐकायचं. मग वर येऊन पेरिस्कोप पूर्ण फिरवायचा, रडारचे संकेत पकडणारी डोलकाठी वर काढायची. कुणाचं रडार जवळ नाही अशी खात्री झाली की स्नॉर्केल वर करून त्यातलं पाणी आधी काढून टाकायचं, बॅटरीच्या कप्प्यांचं वायुवीजन सुरू करायचं, आणि मग डिझेल. कलवरीवर १,२५० किलोवॅटची दोन इंजिनं आहेत ती यासाठीच. जितकी शक्ती जास्त, तितका उघडं पडण्याचा वेळ कमी.

स्नॉर्केलच्या तोंडाशी एक झडप असते. लाट वरून गेली की ती मिटते आणि पाणी आत येत नाही. पण इंजिन थांबलेलं नसतं. ते मग पाणबुडीतलीच हवा ओढू लागतं. आतला दाब झपाट्याने उतरतो, कानाला दडे बसतात. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला तर इंजिन आपोआप बंद पडलं पाहिजे, नाहीतर माणसं संकटात येतील. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, अरबी समुद्राच्या लाटांत ही खोली धरून ठेवणं फार कठीण जातं. थोडी खाली गेली की झडप मिटते, थोडी वर आली की पाठ उघडी पडते. सुकाणूवरच्या माणसाचं कौशल्य तिथे कळतं.

चार्जिंगचे टप्पे इन्व्हर्टरसारखेच आहेत. सुरुवातीला मोठा प्रवाह द्यायचा. सेलचा व्होल्टेज २.४ च्या आसपास आला की आम्लातल्या पाण्याचं विघटन होऊ लागतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो. तिथून प्रवाह कमी करत न्यायचा. शेवटचे दहा-पंधरा टक्के भरायला वेळ खूप लागतो आणि हायड्रोजनही तेव्हाच जास्त निघतो. म्हणून गस्तीवर बॅटरी सहसा काठोकाठ भरत नाहीत. पण सतत अर्धवट भरत राहिलात तर पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि क्षमता कायमची जाते. मोठ्या सेलमध्ये जड आम्ल तळाशी साचतं, तेही हवेचे बुडबुडे सोडून ढवळावं लागतं. यावर उपाय म्हणजे बंदरात आल्यावर संथपणे, तासन् तास दिलेलं समतोल चार्जिंग. गस्तीवर उचललेलं कर्ज बंदरात फेडायचं असतं. बंदरातला हा वेळ कमी केला, की त्याची किंमत दोन वर्षांनी भर समुद्रात मोजावी लागते.

हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. म्हणून वायुवीजन, हायड्रोजन मोजणारी उपकरणं, आणि चार्जिंग थांबल्यावरही काही वेळ पंखे चालू ठेवणं, कारण पट्ट्यांतून वायू लगेच थांबत नाही. दुसरा शत्रू गळती. सेलच्या माथ्यावर आम्लाचा पातळ थर आणि धूळ बसली की तिथून वीज पाणबुडीच्या सांगाड्याकडे झिरपते. म्हणून माथे सोड्याच्या पाण्याने पुसायचे, पण तो सोडा सेलमध्ये थेंबभरही जाऊ द्यायचा नाही, आणि जमिनीशी असलेला विद्युतरोध दररोज मोजायचा. तिसरा शत्रू समुद्राचं पाणी. ते आम्लात शिरलं तर चार्जिंगच्या वेळी क्लोरीन तयार होतो, आणि बंद जागेत क्लोरीन म्हणजे मृत्यू. एखादा सेल बिघडला तर त्याला बगल देऊन तांब्याच्या पट्टीने पुढचे-मागचे जोडतात आणि उरलेल्यांवर पाणबुडी चालते. ७५० किलोचा सेल समुद्रात बदलता येत नाही.

हे मी इतक्या बारकाईने का सांगतो आहे? आयएनएस सिंधुरक्षक ही रशियन बनावटीची पाणबुडी. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला तिच्या बॅटरीच्या कप्प्यात स्फोट होऊन एक नौसैनिक गेला. एका बॅटरीची झडप सदोष होती, तिथून हायड्रोजन सुटला, असं कारण नौदलाने सांगितलं. एक झडप. नंतर ती रशियात सेवेरोद्विन्स्कला दुरुस्त होऊन आली आणि १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या गोदीत पुढच्या भागातल्या शस्त्रांच्या स्फोटाने बुडाली. त्यात अठरा जण गेले. ते कारण वेगळं होतं, बॅटरीचं नव्हे. पण २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळच्या समुद्रात आयएनएस सिंधुरत्नच्या तिसऱ्या कप्प्यात, जिथे बॅटरी असते, धूर झाला आणि दोन तरुण अधिकारी परतले नाहीत. नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. पाणबुडीवर धूर झाला की पळायला जागा नसते, हे ध्यानात घ्या. कप्पा बंद करून आग विझवायची, आणि कप्प्यात कोण आहे याचा विचार दरवाजा लावणाऱ्याला त्या क्षणी करता येत नाही.

दुरुस्तीला लागणारा काळ हाही याच इतिहासाचा भाग आहे. आयएनएस सिंधुकीर्ती २००६ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये गेली ती २०१५ मध्ये बाहेर आली. ज्या नौदलाकडे पाणबुड्या मोजक्याच, त्याच्यासाठी नऊ वर्षं हा फार मोठा खड्डा आहे. सिंधुध्वज मात्र १९८७ मध्ये दाखल होऊन जुलै २०२२ मध्ये निवृत्त झाली, पस्तीस वर्षं. शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य पाच-सहा वर्षांचं धरलं तर एवढ्या सेवेत बॅटरीचे किती संच येऊन गेले असतील, हिशेब करा.

कलवरीबाबत मला एक गोष्ट मनापासून खटकते. तिला सहा टॉर्पेडो नळ्या आहेत, अठरा शस्त्रं मावतात. तिच्यासाठी निवडलेल्या ब्लॅक शार्क टॉर्पेडोची खरेदी रद्द झाली आणि ती दाखल झाली जुन्या जर्मन टॉर्पेडोवर. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचा नवा इलेक्ट्रॉनिक जड टॉर्पेडो या वर्गात बसवण्यासाठी ८७७ कोटींचा करार केला. उशीर झाला, पण योग्य वाटेवर आलो.

त्याच दिवशी १,९९० कोटींचा दुसरा करार झाला, आणि त्यात पुण्याचाही हात आहे. हवेवाचून चालणारी वीजनिर्मिती, म्हणजे एआयपी. अंबरनाथच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने फॉस्फोरिक आम्लाचा इंधन-घट (फ्युएल सेल), म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज बनवणारा घट, विकसित केला, आणि उद्योगातले त्यांचे भागीदार एल अँड टी आणि आपल्या पुण्याचं थरमॅक्स. मार्च २०२१ मध्ये त्याच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी पार पडली. या पद्धतीचं वेगळेपण असं की हायड्रोजन साठवून न्यायचा नाही, लागेल तसा पाणबुडीवरच तयार करायचा. ऑक्सिजन मात्र द्रवरूपात न्यावा लागतो.

हे बसवायचं म्हणजे पाणबुडी मधोमध कापायची आणि एक नवा डबा आत घालून पुन्हा वेल्ड करायची. रेल्वेला डबा जोडण्यासारखं हे नाही. तो डबा पाण्यात ना तरंगणारा ना बुडणारा, अगदी स्वतःच्या वजनाइतकंच पाणी सारणारा असावा लागतो, नाहीतर सगळा तोल बिघडतो. तोल किती नाजूक असतो याची कल्पना द्यायची तर, अरबी समुद्राच्या खारट पाण्यातून बंगालच्या उपसागराच्या उत्तरेकडच्या गोडसर पाण्यात गेल्यावर एवढ्याच पाणबुडीला कित्येक टन पाणी बाहेर टाकावं लागतं. द्रव ऑक्सिजन खर्च होत जाईल तसतसं वजनही बदलेल, त्याची भरपाई करायची. सगळ्या वेल्डिंगची क्ष-किरण आणि ध्वनिलहरींनी तपासणी, मग खोल पाण्यातल्या चाचण्या. आणि एआयपीने बॅटरी निवृत्त होत नाही. एआयपीतून वीज मिळते काहीशे किलोवॅट, संथ चालायला पुरेल इतकी. पळायची वेळ आली की पुन्हा ते ३६० सेल.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मोबाइलपासून मोटारीपर्यंत सगळीकडे लिथियम आली, मग पाणबुडीत का नाही?)

आली आहे. जपानने मार्च २०२० मध्ये ओर्यू ही लिथियम-आयन बॅटरीची पाणबुडी दाखल केली आणि त्याच वर्गातल्या आधीच्या पाणबुड्यांत असलेली एआयपी तिच्यात ठेवली नाही. लिथियम भराभर चार्ज होते, शेवटच्या दहा टक्क्यांचा छळ नाही, घाईने उपसली तरी फारशी आटत नाही, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडत नाही. अडचण आगीची. एक सेल तापून पेटला की शेजारचा पेटतो, आणि त्या आगीला बाहेरच्या हवेची फारशी गरज नसते. कप्पा बंद करून ती विझत नाही. त्यामुळे प्रत्येक सेलचं तापमान आणि व्होल्टेज क्षणोक्षणी पाहणारी यंत्रणा, सेलांमध्ये आगरोधक भिंती, आणि एक सेल मुद्दाम पेटवून शेजारचा वाचतो का याच्या जमिनीवरच्या चाचण्या, हे सगळं आधी करावं लागतं. शिवाय लिथियम शिशापेक्षा हलकी. तेवढीच जागा लिथियमने भरली तर वजन कमी पडेल, पाणबुडी वर येऊ पाहील, आणि तळाशी शिशाच्याच विटा ठेवाव्या लागतील.