एका नाण्यावर दोन राजे

[तळहातावर नाणं, अगदी जवळून]

हा बघा, भोकाचा पैसा. साल १९४३. माझ्या आजीच्या बटव्यात कित्येक वर्षं होता. नाण्यावर राजाचा चेहरा असायचा तो काळ, पण या पैशावर चेहरा नाही, नुसता मुकुट आहे. महायुद्धात धातू वाचवायचा होता, म्हणून मधोमध भोक पाडलं. मग चेहरा बसवणार कुठे?

नमस्कार मंडळी! मी उभी आहे फोर्टात, सर फिरोजशहा मेहता रोडवर, अमर बिल्डिंगसमोर. रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम इथेच आहे. २००४ साली तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी त्याचं उद्घाटन केलं. सीएसएमटीला उतरून चालत येता येतं. सोमवारी आणि बँकेच्या सुट्टीला बंद, म्हणून निघण्याआधी वेळ तपासून घ्या.

पहिल्यांदा आले होते तेव्हा मी सगळं भरभर पाहिलं आणि बाहेर पडल्यावर काही म्हणता काही आठवेना. आता एकच प्रश्न घेऊन फिरते : या नाण्यावर ठसा कुणाचा?

सर्वात जुनी म्हणजे आहत नाणी, ठसे ठोकून केलेली. चांदीचे वेडेवाकडे तुकडे आणि त्यांवर ठोकलेला सूर्य, एखादा प्राणी, एखादं झाड. राजाचं नाव कुठेच नाही.

आता सातवाहन. इथे मात्र थांबायचं, कारण ही आपल्या नाशिकची गोष्ट आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी! सगळी शकांच्या क्षत्रप घराण्यातल्या राजा नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर दुसराच ठसा मारलेला. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि त्याचीच नाणी घेऊन एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या टोकांना चार वर्तुळं, ठोकलं. नाणी वितळवली नाहीत. त्यामुळे काही नाण्यांवर डोंगराच्या कडेने नहपानाचं नाक दिसतं, मागे राहिलेली ग्रीक अक्षरं दिसतात. एका नाण्यावर दोन राजे! मला वाटतं, वजन लोकांच्या ओळखीचं होतं, चांदी चोख होती. बदलायचं होतं ते फक्त नाव. आणि ते बाजारातल्या प्रत्येक हाताला कळायला हवं होतं.

शिवराईचंही तेच. राज्याभिषेक १६७४ चा. तांब्याचं छोटंसं नाणं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. देवनागरीत! सोन्याचा होन किती जणांच्या हाती पडणार? शिवराई मात्र भाजीवालीच्याही कनवटीला असायची. स्वराज्य आलंय हे तिला त्या तांब्याने सांगितलं, असं मला मनापासून वाटतं.

आणि आपली मुंबई? ईस्ट इंडिया कंपनीने इथे आधी इंग्रजी धाटणीची नाणी पाडली. चांदीच्या नाण्याला नाव दिलं अँग्लिना. मुंबईबाहेरच्या बाजारात ती काही चालली नाहीत. शेवटी १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरकडून परवानगी घेऊन कंपनीने मुघली रुपये पाडले. टांकसाळ इंग्रजांची, नाव बादशहाचं, आणि खाली फारसी लिपीत गावाचं नाव : मुंबई.

नोटांचं दालन मी थोडक्यात आटोपते. तिथे एकच करा, चिंतामणराव देशमुखांची सही शोधा. आपल्या रायगडचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मग खिशातली नोट काढून भाषांच्या पट्टीत मराठी कितवी ते मोजा. पंधरा ओळींत आठवी, बरोब्बर मध्यावर.

[वडापावची गाडी, हातात सुट्टे पैसे]

बाहेर येऊन वडापाव घेतला, त्याचे हे सुट्टे. सालाच्या खाली बघा. या नाण्यावर बारीक चांदणी आहे, म्हणजे हे हैदराबादच्या टांकसाळीचं. आणि हे दुसरं... जरा उजेडात धरते. चौकट आहे, पत्त्यातल्या चौकटसारखी, दिसली? ही मुंबईची खूण. १८२९ पासूनची आपली टांकसाळ, शहीद भगतसिंग मार्गावर, रिझर्व्ह बँकेसमोर. इथून चालत जाल तर वडापाव संपायच्या आत पोचाल.