आतडी चिकटतात ती पहिल्या आठवड्यात

नमस्कार, श्रोतेहो.

अपेंडिक्स, सिझेरियन, गर्भपिशवी काढणं... टाके निघाले की घरचे म्हणतात, 'सुटलो एकदाचे!' पण आतडी चिकटणार की नाही, हे बहुतेक वेळा त्याआधीच ठरून गेलेलं असतं.

पोटाला आतून ओलसर, गुळगुळीत अस्तर असतं. ते खरचटलं किंवा कोरडं पडलं, की काही तासांतच तिथे फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे, चिकट धागे जमतात. शरीर ते साधारण तीन दिवसांत विरघळवतं, आणि पाच ते सात दिवसांत नवं अस्तर येतं. मात्र जिथे रक्तपुरवठा तुटला किंवा पू झाला, तिथे धागे तसेच राहतात. त्यांत पेशी शिरतात आणि आतडी चिकटवून ठेवणारे पक्के पट्टे तयार होतात.

म्हणजे खरा प्रतिबंध ऑपरेशनच्या टेबलावरच. आतडी हलक्या हातानं हाताळायची, कोरड्या गॉजनं पुसायची नाहीत, ओल्या मॉपखाली, म्हणजे ऑपरेशनच्या कापडी घडीखाली, झाकायची. रक्तस्राव नीट थांबवायचा, पण डायथर्मीनं, म्हणजे विजेच्या उष्णतेनं रक्त थांबवणाऱ्या उपकरणानं, गरजेपेक्षा जास्त जाळायचं नाही. हातमोज्यांना पावडर नको; अमेरिकेत तर असे मोजे २०१७ पासून बंदच आहेत. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली तर चिकटण्याचं प्रमाण कमी होतं, शून्य होत नाही.

हायलुरोनिक आम्ल आणि सेल्युलोज यांचा पातळ पापुद्राही मिळतो. तो आठवडाभर दोन पृष्ठभाग वेगळे ठेवतो आणि विरघळतो. ओला हात लागला तर हातालाच चिकटून बसतो! आतड्याच्या ताज्या जोडाभोवती मात्र तो गुंडाळू नये, जोड गळण्याचा धोका वाढतो. नुसत्या सेल्युलोजची जाळी रक्त झिरपत असेल तिथे निरुपयोगी ठरते. यातल्या कशाचीच हमी नाही, तरी ऑपरेशनपूर्वी सर्जनना विचारायला संकोच कशाला?

पोटपट्ट्यानं आणि मालिशनं आतडी सुटी राहतात, हा समज सोडून द्या. लवकर चालणं पायांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून हवंच. त्यानं पट्टे टळतात असा पुरावा नाही.

आता लक्षणं. ऑपरेशनला वीस वर्षं झाली असली तरी पोटात कळा येऊन थांबतात, पुन्हा येतात, पोट फुगतं, हिरवी उलटी होते, गॅसही सरत नाही, असं झालं तर आतडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी एरंडेल किंवा जुलाबाची गोळी मुळीच देऊ नका. बंद वाटेवर आणखी जोर येतो. तोंडानं काही न देता रात्रीसुद्धा ससूनसारख्या, सर्जन हजर असलेल्या रुग्णालयात न्या. नाकातून नळी आणि सलाईन यांवर बरेच रुग्ण सुटतात. कळा थांबून सतत दुखू लागलं, ताप आला, तर एक मिनिटही दवडू नका. सोनोग्राफीत हे पट्टे सहसा दिसत नाहीत, म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' एवढ्यावर थांबू नका.

एकदा आतडं अडकून सुटलेल्यांनी हुरडा आणि बियांचा पेरू डॉक्टरांना विचारूनच खावा. आणि जुन्या ऑपरेशनची नोंद फाईलमध्ये जपा. पुढच्या सर्जननं जुन्या व्रणातूनच पोट उघडलं, तर खाली चिकटलेल्या आतड्याला भोक पडू शकतं.