छप्पन ए.पी.ओ.च्या पत्त्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरहून महू किती लांब? तेवीस-चोवीस किलोमीटर. पातालपाणीच्या धबधब्याला निघालो की महू लागतंच. १८१८ साली मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर होळकरांच्या मुलखात ही छावणी वसली. म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त काळ फौज आपली शेजारीण आहे. आज तिथं इन्फंट्री स्कूल आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, सिग्नलच्या जवानांना आणि अधिकाऱ्यांना दूरसंचार शिकवणारं मोठं महाविद्यालय आहे. याच महूमध्ये १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, तोही वडील सुभेदार रामजी सकपाळ यांची फौजेतली नोकरी तिथं होती म्हणून. आपल्यातल्या पुष्कळ घरांची कुंडली अशीच कुठल्या ना कुठल्या छावणीपाशी येऊन थांबते. कुणाचे पणजोबा होळकरांच्या पलटणीत, कुणाचे काका सिग्नलमध्ये, कुणाचा भाचा आत्ता लेहला.

आणि तरीही सुट्टीच्या दिवशी राजवाड्याजवळ बारीक केस कापलेली, ताठ चालणारी चार-पाच मुलं खरेदीला आलेली दिसली, तर आपण त्यांच्याकडे एकदा बघतो आणि पुढं निघून जातो. बोलायचं मनात असतं, पण काय बोलावं ते सुचत नाही. जे तोंडानं बोलता येत नाही, ते हातानं लिहिता येतं. आज मला तुमच्याशी त्या लिहिण्याविषयी बोलायचं आहे.

मी बरीच वर्षं शाळेत मराठी आणि हिंदी शिकवलं. राखीच्या आधी आणि पंधरा ऑगस्टच्या सुमाराला मुलांकडून जवानांसाठी कार्डं करून घ्यायची पद्धत आपल्याकडे बऱ्याच शाळांत आहे. फार चांगली पद्धत आहे. पण त्या कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन वाचलात, तर एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. बहुतेक कार्डांवर एकच वाक्य असतं: तुम्ही सीमेवर जागता म्हणून आम्ही सुखानं झोपतो. बाईंनी फळ्यावर लिहिलेलं, मुलांनी उतरवून घेतलेलं. वाक्य खरं आहे, शंभर टक्के खरं आहे. पण ते वाचणारा जो कुणी सव्वीस वर्षांचा मुलगा बर्फातल्या चौकीवर बसलेला असेल, त्याला पहिल्या कार्डानं बरं वाटेल. तिसऱ्या-चौथ्या कार्डाला तो फक्त चित्र बघेल आणि खाली ठेवेल.

एका वर्षी पाचवीतल्या एका मुलीनं फळ्यावरचं वाक्य लिहिलंच नाही. आमच्या गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली आहेत, त्यातलं एक पांढरं आहे, आजी त्याला घरात घेऊ देत नाही, पण तुम्ही सांगितलंत तर घेऊ देईल, असं काहीसं तिनं लिहिलं होतं. खाली स्वतःचं नाव आणि पिल्लाचं चित्र. त्या गठ्ठ्यातलं सगळ्यात उत्तम आभाराचं पत्र तेच होतं, असं मी आजही म्हणेन. त्यात ‘आभार’ हा शब्दसुद्धा नव्हता. पण तिनं त्या अनोळखी जवानाला घरातला मोठा भाऊ मानलं होतं, ज्याचं म्हणणं आजी ऐकेल असा भाऊ.

माझं सांगणं आहे ते एवढंच. पत्र वर्दीला लिहू नका, वर्दीतल्या माणसाला लिहा. आणि त्याला आपल्या गावातलं काहीतरी द्या.

देण्यासारखं आपल्याकडे केवढं आहे! रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे मिरवणुकीत, यंदा राजवाड्यापाशी रंगाचे फवारे किती उंच गेले ते लिहा. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघायला तुम्ही कुठल्या ओट्यावर जागा धरली होती ते लिहा. थंडीत सराफा बाजारात गराडूचा कंद तळतानाचा वास, पहिल्या पावसानंतर काळ्या मातीचा होणारा चिखल, सकाळी पोह्यांवर जिरावण मसाला जरा जास्तच पडला म्हणून झालेली भांडणं, सगळं लिहा. त्यातलं काहीच मोठं नाही, हे ठाऊक आहे मला. पण घरापासून दूर राहिलेल्या माणसाला विचारून बघा. मोठ्या बातम्या त्याला फोनवर कळतातच. त्याला तहान असते ती बारीकसारीक गोष्टींची.

आता कुणी म्हणेल, आज प्रत्येकाकडे मोबाइल आहे, जवान रात्री घरी व्हिडिओवर बोलतो, मग चिठ्ठी कशाला? बोलतो, आणि बोलायलाच हवं. पण सियाचिनच्या पट्ट्यात १९८४ च्या एप्रिलपासून आपले जवान वर्षाचे बारा महिने उभे आहेत. तिथल्या कित्येक चौक्या पाच हजार मीटरच्या वर आहेत, थंडी उणे पन्नास अंशांपर्यंत उतरते, शिधा आणि डाक दोन्ही हेलिकॉप्टरवर अवलंबून. ढग उतरले की तेही बंद. अशा जागी फोनवरचं बोलणं त्या क्षणाला संपतं. कागद मात्र खिशात राहतो. पुन्हा काढून वाचता येतो, बॅरेकमध्ये दुसऱ्याला दाखवता येतो, ज्याला या डाकेत काहीच आलं नाही त्याच्यासाठी मोठ्यानं वाचता येतो. शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक पलटणीत असा कुणीतरी असतो ज्याला चिठ्ठी येत नाही.

ही चिठ्ठी तिथवर पोचते कशी, ही हकिकतही ऐकण्यासारखी आहे. सैन्याची स्वतःची टपाल व्यवस्था आहे, आर्मी पोस्टल सर्व्हिस. १ मार्च १९७२ रोजी तिला स्वतंत्र कोअरचा, म्हणजे सैन्यातल्या वेगळ्या दलाचा, दर्जा मिळाला. तिचं घोषवाक्य आहे ‘मेल मिलाप’. आणि त्याच वर्षी, १५ ऑगस्टला, देशात पिन कोड सुरू झाला. तो आखणारे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतमधले नामवंत कवी. आपल्यातला एक मराठी माणूस! वेलणकरांच्या पिन कोडात देशाचे आठ भौगोलिक विभाग आहेत, आणि नववा आकडा राखून ठेवला तो फौजेच्या टपालासाठी. म्हणून ज्या पत्त्याचा पिन नऊनं सुरू होतो, तो कुठल्याच गावाचा नसतो. ते पत्र सैनिकाकडे निघालेलं असतं.

पत्ता लिहिताना जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट, आणि खाली ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘मार्फत ९९ ए.पी.ओ.’. ए.पी.ओ. म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. गावाचं नाव लिहायचं नाही, कारण पलटण कुठं आहे हे पाकिटावरून कुणालाच कळू नये. ते फक्त फौजेच्या टपाल कचेरीला ठाऊक असतं. पलटण एका ठिकाणाहून दुसरीकडे हलली तरी पत्र तिच्या मागोमाग तिथं पोचतं. तिकीटही आपलं साधं देशांतर्गत दराचंच. आणि छप्पन हा आकडा इंदूरकरांनी विसरायचं काही कारणच नाही. ज्या हातानं आपण छप्पन दुकानवर कचोरीचा द्रोण धरतो, त्याच हातानं छप्पन ए.पी.ओ.ला दोन ओळी लिहायच्या.

पण नंबर, हुद्दा, नाव आणायचं कुठून? अनोळखी जवानाचे हे तपशील मागायला जाऊ नये, आणि कुणी देऊही नयेत. ओळखीतून जा. तुमच्या कॉलनीत, नात्यात, ऑफिसात कुणाचा तरी मुलगा फौजेत असतोच. त्याच्या आईला विचारून त्याच्या नावानं पत्र पाठवा आणि सोबत नाव न लिहिलेली चार पत्रांची पाकिटं घाला. तो ती ज्यांना चिठ्ठी येत नाही त्यांच्यापर्यंत बरोबर पोचवेल. शाळांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावं. माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबं यांच्यासाठीच ते कार्यालय असतं, आणि योग्य वाट कुठली ते तिथं नीट सांगतात.

भाषेचं काय, असंही मला विचारतात. मराठीत लिहिलं तर कुणाला कळणार? मराठा लाइट इन्फंट्रीत कळेल. आपल्याच मध्य प्रदेशात, सागरला, महार रेजिमेंटचं केंद्र आहे, तिथं कळेल. पण जवान गढवालचा असेल, तमिळनाडूचा असेल. तेव्हा सरळ सोप्या हिंदीत लिहा, आणि शेवटी एक ओळ मराठीत ठेवा. शेजारच्या पलंगावरचा सांगलीचा मुलगा त्याला ती वाचून दाखवेल. तेवढ्यानं त्या दोघांचं बोलणं होईल.

काय लिहू नये, हेही स्पष्टच सांगते. तुम्ही कुठं आहात, हे विचारू नका. किती शत्रू मारले, हे तर मुलांना कधीच विचारू देऊ नका. ज्यानं मित्र गमावला असेल त्याच्या हातात तो प्रश्न पडला तर काय होईल, याचा विचार करा. राजकारण नको, कुठल्या पक्षाचं नाव नको, दुसऱ्या कुणाच्या द्वेषाची भाषा नको. कार्डावर बलिदानाची आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीची चित्रं काढतात मुलं, मनापासून काढतात, पण जिवंत माणसाला ते चित्र पाठवू नये. मी मुलांना तिथं घर काढायला सांगत असे. आणि उत्तर आलं, तर त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. त्यावर युनिटचं नाव असतं.

आपल्यापैकी जुन्या श्रोत्यांना विविध भारतीवरची ‘जयमाला’ आठवत असेल. फौजी बांधव लांबलांबच्या ठिकाणांहून पत्रं पाठवून गाण्यांची फर्माईश करायचे, आणि आपण घरात बसून त्यांची नावं ऐकायचो. कुठल्या कुठल्या पलटणी, कुठले कुठले हुद्दे. इतकी पत्रं त्यांच्याकडून रेडिओला आली. रेडिओ ऐकणाऱ्यांकडून त्यांना किती गेली?

१९९९ मध्ये कारगिलच्या दिवसांत सगळा देश जवानांना पत्रं लिहीत होता. युद्ध सुरू झालं की आपल्याला फौज आठवते, तेव्हा डोळे भरून येतात, आणि ते खरंही असतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये राखीच्या निमित्तानं, जानेवारीत सेना दिनाला, डिसेंबरच्या सात तारखेला ध्वज दिनाला जेवढी पत्रं जातात, तेवढी फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात जात नाहीत. मला वाटतं, खरी गरज त्याच महिन्यांत असते. कसलाच दिवस नसताना आलेलं पत्र, केवळ आठवण आली म्हणून आलेलं.

आणि सगळी पत्रं डोंगरावरच गेली पाहिजेत असंही नाही. तुमच्या गल्लीत कुणी निवृत्त हवालदार असतील, सकाळी दूध आणायला जाताना रोज भेटत असतील. एकाहत्तरच्या लढाईत होते, एवढंच आपल्याला ठाऊक. त्यांच्या पेटीत एक पत्र टाका. ज्या बाईंनी नवऱ्याच्या पोस्टिंगपायी दर दोन-तीन वर्षांनी घर बदललं, मुलांच्या शाळा बदलल्या, सासूसासऱ्यांचं आजारपण एकटीनं काढलं, त्यांना लिहा. त्यांचे आभार कुणी मानत नाही. वीरपत्नीला लिहाल तर नवऱ्याचं नाव घेऊन लिहा. लोक ते नाव टाळतात, तिला दुखेल म्हणून. मला भेटलेल्या अशा बायकांना ते नाव दुसऱ्याच्या अक्षरात वाचायला हवं असतं.

अक्षर वाईट आहे म्हणून थांबू नका. छापील कार्डावर नुसती सही करून पाठवण्यापेक्षा वाकड्या अक्षरातल्या पाच ओळी पाठवा. निळी किंवा काळी शाई वापरा, बॉलपेन बरं, पावसात पाकीट भिजलं तरी फिसकटत नाही. पोस्टात अंतर्देशीय पत्र अजून मिळतं, तीन पानांची जागा असते त्यात. पाकिटात पैसे, खाऊ, चमकी काही घालू नका. राखी पाठवायची असेल तर सपाट, रेशमी दोऱ्याची घ्या आणि नारळी पौर्णिमेच्या निदान तीन आठवडे आधी पेटीत टाका, कारण वरच्या चौक्यांवर हवामान कुणाचं ऐकत नाही. मागच्या बाजूला आपलं नाव आणि पत्ता लिहा. उत्तर येईलच असं नाही. नाही आलं तरी पुढचं पत्र लिहा, आणि त्यात सांगा की त्या पांढऱ्या पिल्लाचं पुढं काय झालं, किंवा तुमच्या घरी जे काय घडलं असेल ते.

नमस्कार.