बेटावरचा तिमथी

श्रोतेहो, नमस्कार. आज मुलांची एक गोष्ट सांगतो. अमेरिकन लेखक थिओडोर टेलर यांची, 1969 सालची, 'द के', म्हणजे छोटंसं बेट.

1942 साल, महायुद्ध पेटलेलं. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरून निघालेल्या जहाजाला जर्मन पाणबुडी बुडवते. तराफ्यावर उरतात अकरा वर्षांचा गोरा फिलिप, एक मांजर आणि तिमथी नावाचा म्हातारा काळा खलाशी. डोक्याला मार लागून फिलिपची दृष्टी जाते. आणि या पोराला आईनं शिकवलेलं असतं, काळी माणसं आपल्यासारखी नसतात! पिंपातलं पाणी तिमथी घोट-घोट मोजून देतो. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या लातूर-बीडच्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता माझा आवडता प्रसंग. दोघं एका निर्जन बेटाला लागतात. विमानातून दिसावं म्हणून तिमथीला वाळूत दगडांनी 'हेल्प' लिहायचंय. पण त्याला अक्षर येत नाही, आणि तसं सांगायला जीभ रेटत नाही. फिलिप ओळखतो, वाळूत अक्षरं काढून देतो, आणि मनात फुगतो. मग तिमथी त्याला झावळ्यांच्या चटया विणायला बसवतो. आपल्याकडं शिंदीचे फडे बांधणारे हात बघितलेत ना? पात झरझर वळते. शिकायला बसलं की बोटं सोलून निघतात. डोळे नसलेल्या पोराला ते जमेना. तो चटई भिरकावतो आणि ओरडतो, कुरूप काळ्या, तुला साधं लिहिता येत नाही! तिमथी एक थप्पड लगावतो. आणि पुन्हा गुमान विणत बसतो. त्याच दिवशी फिलिप म्हणतो, मला तुझा मित्र व्हायचंय. मला 'छोटे मालक' म्हणू नकोस, फिलिप म्हण.

मालक म्हणू नकोस! वेगळे पाणवठे बघितलेल्या आपल्या आजी-आजोबांना या वाक्याचं मोल विचारा.

 

पुढं वादळ येतं. तिमथी पोराला माडाला बांधतो, स्वतःच्या पाठीवर वारा झेलतो, आणि त्यात जातो. पालक म्हणतात, मुलांना मरणाचं सांगू नये. सांगा, सावकाश सांगा. मासे कसे धरायचे, काठीनं वाट कशी काढायची, हे तिमथीनंच शिकवलेलं. म्हणून फिलिप एकटा तगतो, आणि धूर करून स्वतःची सुटका करून घेतो.