सगळं बंद, तरी मीटर चालूच

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात बिल आलं आणि आई म्हणाली, अरे दिवसभर घरात कोणी नसतं, एसी नाही, गीझर गॅसवरचा, मग १२० युनिट जातात कुठे? मला उत्तर देता येईना, म्हणून रविवारी जिन्याखाली मीटरसमोर जाऊन बसलो.

तुमचं मीटर डिजिटल असेल तर त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो बघा. त्याच्याजवळ ३२०० इम्प असं काहीतरी छापलेलं असतं, कुणाचं १६००, कुणाचं ६४००. म्हणजे दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. सीलला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. मी फ्रिज, पंखे, दिवे सगळं बंद केलं, टीव्ही नेहमीसारखा रिमोटने बंद केला आणि खाली येऊन मोबाईलवर टायमर लावला. दिवा लुकलुकला. मग ३६ सेकंदांनी परत. मग परत ३६.

आता हिशोब करा माझ्याबरोबर, कागद घ्यायची पण गरज नाही. ३६ सेकंदांना एकदा म्हणजे तासाला १००, दिवसाला २४००, आणि ३२०० ला एक युनिट, म्हणजे रोज पाऊण युनिट, महिन्याला साडेबावीस. घरात काहीच चालू नसताना! आणि आमच्याकडे १२० युनिट येतात ना, त्यातले शंभराच्या वरचे सगळे यातच संपले. हे फार महत्त्वाचं आहे, कारण शंभरानंतरचा स्लॅब, म्हणजे दराचा टप्पा, पहिल्यापेक्षा बराच महाग असतो, म्हणून सरासरी दर धरून चालत नाही, तुमचं शेवटचं युनिट ज्या स्लॅबमध्ये पडतं तोच दर धरायचा. त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचा) मिळवा, इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चातल्या फरकाचं) मिळवा आणि वर १६ टक्के विद्युत शुल्क. स्थिर आकार सोडून द्या, तो वीज वापरली काय न वापरली काय, द्यायचाच असतो. समजा सगळं मिळून १२ रुपये पडले तर साडेबावीस युनिटांचे २७० रुपये, दर महिन्याला.

मग एकेक प्लग काढत गेलो. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आतून जवळजवळ तेवढाच चालू असतो, हात लावून बघा, गरम लागतो. १० वॅटचा बॉक्स २४ तास म्हणजे २४० वॅट-तास, आणि हजार वॅट-तासांचं एक युनिट, म्हणजे महिन्याला ७ युनिट. राऊटरचंही तसंच. याउलट ८० वॅटचा टीव्ही रोज ५ तास बघितला तरी महिन्याला १२च युनिट होतात, म्हणजे आठपट मोठं यंत्र आणि खर्च दुप्पटसुद्धा नाही, सगळा खेळ तासांचा आहे.

अजून एक, अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि दीड अँपिअर लिहिलेलं असतं त्याचा गुणाकार करून १८ वॅट धरू नका, तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याचा आकडा आहे, प्रत्यक्षात बऱ्याचदा खूप कमी जातं. मीटरचा दिवाच खरं सांगतो.

आणि पोरांना मोबाईल चार्जिंगवरून ओरडू नका हो. पाच हजार एमएएचची बॅटरी पूर्ण भरायला, वाया जाणारं धरून, साधारण २५ वॅट-तास लागतात. चाळीस वेळा चार्ज केला तेव्हा कुठे एक युनिट होतं. त्यापेक्षा रात्री झोपताना बॉक्सचं बटण भिंतीवर बंद करा. सकाळी सुरू व्हायला मिनिटभर लागतं खरं, पण आईला आता सवय झालीय, चहा ठेवता ठेवता ती बटण दाबते.

आमचा इन्व्हर्टर मात्र तसाच चालू ठेवलाय, तो पण थोडी वीज खातोच, पण आमच्याकडे पावसाळ्यात रात्री दोन दोन तास लाईट जाते आणि आजोबांना पंख्याशिवाय झोप लागत नाही.